कॉर्नवॉल पार्क सव्वाशे वर्षं कसा टिकला, आणि तुमच्या पंधरा एकरांचं काय करता येईल

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे आई-वडील मुलाकडे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला तीन महिने राहून आले. रोज संध्याकाळी ते कॉर्नवॉल पार्कात फिरायला जायचे. ऐन शहरात चरणाऱ्या मेंढ्या, ऑलिव्हची जुनी झाडं, कुठेही तिकीट नाही, आणि हे सगळं एका श्रीमंत माणसाने स्वतःची इस्टेट देऊन केलेलं, हे बघून वडिलांच्या मनाने घेतलं की साताऱ्याजवळची आपली पंधरा एकर आमराई आणि माळ असाच लोकांसाठी खुला करायचा. तुम्ही विचारलंय की जमीन नगरपालिकेला द्यावी की ट्रस्ट करावा, आणि बागेचा आराखडा कुणाकडून करून घ्यावा.

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. बरीच वर्षं ऑकलंडमध्ये सार्वजनिक उद्यानांच्या आराखड्यांचं आणि देखभालीच्या नियोजनाचं काम करतो. कायदा हा माझा प्रांत नाही. शिवाय तुमची जमीन कोणत्या वर्गाची आहे, सातबाऱ्यावर किती नावं आहेत, पाणी कुठून येतं, यावर पुष्कळ काही ठरेल. पण आराखड्याचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. आराखडा सहा महिन्यांत होतो. चाळीस वर्षांनी तिथलं गवत कोण काढणार, त्याचा पगार कुठून येणार आणि कुणी वळणरस्त्यासाठी दोन एकर मागायला आलं तर ‘नाही’ म्हणायचा अधिकार कुणाच्या हातात असणार, हे ठरवणं अवघड आहे. कॉर्नवॉल पार्क टिकला तो या गोष्टी आधी ठरल्या म्हणून. झाडांचा नंबर नंतर लागतो.

जॉन लोगन कॅम्पबेल हा एडिंबराचा, शिक्षणाने डॉक्टर. जहाजावर सर्जन म्हणून निघाला आणि १८४० साली न्यूझीलंडला पोचला. डॉक्टरकी सोडून त्याने विल्यम ब्राउन या भागीदाराबरोबर व्यापार सुरू केला. ऑकलंड शहर नुकतंच वसत होतं आणि तिथल्या अगदी पहिल्या व्यापारी पेढ्यांपैकी ही एक. १८४१ साली दोघांनी बांधलेलं लाकडी घर, अकेशिया कॉटेज, आजही उभं आहे. ते मूळ शहराच्या मध्यात होतं, १९२० साली उचलून पार्कात आणून ठेवलं. तुमच्या आईवडिलांनी ते नक्की पाहिलं असेल. १८५३ साली या जोडीने माउंगाकिएकिए डोंगराच्या भोवतालची सुमारे हजार एकरांची इस्टेट थॉमस हेन्री नावाच्या वसाहतवाल्याकडून विकत घेतली आणि तिला वन ट्री हिल हे नाव दिलं. पुढे ब्राउनचा हिस्साही कॅम्पबेलकडे आला.

१९०१ च्या जूनमध्ये ड्यूक ऑफ कॉर्नवॉल, म्हणजे पुढचे राजे पाचवे जॉर्ज, पत्नीसह ऑकलंडला आले. कॅम्पबेल तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता आणि या भेटीपुरतं त्याने महापौरपदही स्वीकारलं होतं. तो मुहूर्त साधून त्याने इस्टेटीतली २३० एकर जमीन जनतेच्या नावे केली आणि पाहुण्यांच्या पदवीवरून पार्काला नाव दिलं. प्रत्यक्ष पार्क खुला झाला १९०३ च्या ऑगस्टमध्ये. मधल्या दोन वर्षांत ऑस्टिन स्ट्राँग या तरुण अमेरिकी लँडस्केप डिझायनरकडून आखणी झाली, रस्ते पडले, झाडं लागली. नंतर जमिनीची भर पडत गेली आणि आज पार्क सुमारे ४२५ एकरांचा आहे.

आता जो भाग फिरायला येणाऱ्याला दिसत नाही तो सांगतो. कॅम्पबेलने पार्क सरकारच्या किंवा नगरपालिकेच्या हवाली केला नाही. विश्वस्त नेमले आणि जमीन त्यांच्या ताब्यात दिली. शिवाय पार्काच्या कडेची काही जमीन उत्पन्नासाठी म्हणून ट्रस्टकडे ठेवली. त्या जमिनीवर आज एप्सम, वन ट्री हिल भागातली घरं उभी आहेत. घर राहणाऱ्याचं, खालची जमीन ट्रस्टची. राहणारा भुईभाडं भरतो, भाडेपट्ट्याचं नूतनीकरण कायम होत राहतं आणि दर एकवीस वर्षांनी जमिनीच्या त्या वेळच्या किमतीप्रमाणे भाडं नव्याने ठरतं. मेंढपाळाचा पगार, रस्त्यांची डागडुजी, झाडांची छाटणी हे या उत्पन्नातून भागत आलं आहे. म्हणूनच दारात तिकीटखिडकी नाही, आणि दरवर्षी कुणाच्या अंदाजपत्रकाकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

माझ्या कामात मला हाच फरक सतत दिसतो. जमीन दान करणारे भेटतात, बाग उभारायला पैसे देणारेही भेटतात. बारावं वर्ष कुणाच्या डोक्यात नसतं. बारा वर्षांनी पंप जळतो, कुंपण गंजतं, वाटा उखडतात, आणि सगळं एकदम एकाच वर्षात. त्या वेळी पैसे नसले की पहिल्यांदा माळी कमी होतो. मग कडेला एक स्टॉल येतो, मग हॉल, मग लग्नाचं लॉन. यात कुणाचा हेतू वाईट असतोच असं नाही, पगार द्यायचे असतात म्हणून हे होतं.

पण या व्यवस्थेची दुसरी बाजू तुम्हाला माहीत असायला हवी, कारण वडिलांना ‘आपणही कडेची जमीन भाड्याने देऊ’ हे सुचेलच. ऑकलंडमध्ये जमिनीचे भाव अफाट चढले. ज्यांच्या भाड्याची एकवीस वर्षं २०१० च्या आसपास किंवा पुढच्या काही वर्षांत संपली, त्यांचं भुईभाडं एका फटक्यात कित्येक पटींनी वाढलं. काहींना घर सोडून द्यावं लागलं. प्रकरणं कोर्टात गेली, वर्तमानपत्रांत गाजली. ट्रस्टची अडचण अशी की पार्कासाठी मिळालेलं उत्पन्न भाडेकरूंसाठी सोडून देण्याची मोकळीक विश्वस्तांना सहजी नसते, त्यांचं कर्तव्य पार्काशी बांधलेलं असतं. माझं स्वतःचं मत आहे की इतक्या लांब अंतराने एकदम होणारी फेरआकारणी ही रचनाच कठोर आहे. भाडं दर तीन-पाच वर्षांनी थोडंथोडं हललं तर दोन्ही बाजूंना पेलतं. तुम्ही काही जागा भाडेपट्ट्याने देणार असाल तर हे कलम पहिल्या दिवशीच नीट लिहून घ्या.

‘नाही’ म्हणण्याच्या अधिकाराबद्दलही थोडं. दुसऱ्या महायुद्धात या पार्कात अमेरिकी सैन्याचं मोठं हॉस्पिटल उभं राहिलं. युद्ध संपलं, अमेरिकन गेले, पण इमारती होत्या आणि शहराला खाटांची गरज होती, त्यामुळे तिथे कॉर्नवॉल हॉस्पिटल चालू झालं. ऑकलंडमध्ये त्या काळात जन्मलेले कितीतरी लोक सांगतात की आमचा जन्म पार्कातला. हे हॉस्पिटल १९७० च्या दशकापर्यंत चाललं. नंतर ते हललं आणि जमीन पुन्हा पार्कात आली. अशा वेळी काय होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तात्पुरती इमारत कायमची होते, मग तिला पार्किंग लागतं, मग क्वार्टर्स लागतात. इथे जमीन परत येऊ शकली, कारण ती कशासाठी दिली आहे हे दस्तात स्पष्ट होतं आणि तो दस्त जपणं हेच काम असलेली एक मंडळी जागेवर होती.

मेंढ्यांबद्दल तुमच्या वडिलांना विशेष कौतुक वाटलं असं तुम्ही लिहिलंय. त्या शोभेसाठी नाहीत. तो चालू फार्म आहे, शेकडो मेंढ्या आणि काही गुरं. माउंगाकिएकिएच्या उतारावर माओरींनी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांनी, कोरलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या सपाट्या आहेत, कुमारा म्हणजे रताळी साठवायचे खड्डे आहेत. हा देशातल्या सगळ्यात मोठ्या तटबंदीच्या वस्त्यांपैकी एक होता. त्या उतारावर यंत्र नेलं तर सपाटीची कड तुटते. जड गुरं चढवली तर पावसाळ्यात खुरांनी माती घसरते. काहीच केलं नाही तर झुडूप माजतं आणि त्याची मुळं खड्ड्यांच्या भिंती फोडतात. हलक्या अंगाची मेंढी गवत आखूड ठेवते आणि जमिनीला फारसा धक्का लावत नाही. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की त्या आखूड गवतावर एकेका सपाटीची कड स्पष्ट उठून दिसते. गवत गुडघाभर असतं तर ती रेषा दिसलीच नसती.

खालच्या बाजूला चुना-मातीशिवाय रचलेल्या काळ्या दगडाच्या भिंती आहेत. तो दगड बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचाच जातभाई, आणि भिंत म्हणजे थेट कोकणातला गडगा. या भिंतींची दुरुस्ती मी जवळून पाहिली आहे. ढासळलेल्या भागातले दगड आकाराप्रमाणे गवतावर मांडून ठेवतात, पायाला मोठे घेतात, दोन्ही बाजू आत कलत्या ठेवून मधल्या पोकळीत चिपा ठासतात आणि अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड घालतात. सिमेंटचा हात लावत नाहीत, कारण पाणी भिंतीतून निघून जायला हवं. तुमच्या माळावर जुने बांध असतील तर ते पाडून चेनलिंकचं कुंपण घालू नका. गावात असे बांध रचणारे हात अजून असतील. कुंपणाच्या पैशात त्यांना काम मिळेल आणि भिंत कुंपणापेक्षा जास्त टिकेल.

आता वडिलांना आवर्जून सांगावी अशी गोष्ट. नकाशात त्यांना कॉर्नवॉल पार्क आणि वन ट्री हिल डोमेन अशी दोन नावं दिसली असतील. जमिनीवर मध्ये काहीच दिसत नाही, माणूस एकातून दुसऱ्यात सहज जातो. पण डोंगराचा माथा आणि त्याचे उतार कॅम्पबेलच्या देणगीत नव्हते, ती आधीपासूनच सरकारी राखीव जमीन होती. आणि सरकारच्याही आधी तो डोंगर माओरींचा. अठराव्या शतकात वाइओहुआ या माओरी जमातीचा प्रमुख किवी तामाकी याचं हे मुख्य ठाणं होतं. तो लढाईत पडल्यावर हा प्रदेश न्गाती फातुआ या दुसऱ्या माओरी जमातीकडे गेला. जमीन युरोपीय वसाहतवाल्यांच्या हाती आली ती त्यानंतर, १८४० च्या दशकातल्या खरेदीविक्रीतून.

ज्या एका झाडावरून वन ट्री हिल नाव पडलं, त्या झाडाची हकीकत यातच गुंतलेली आहे. माथ्यावरचं मूळ देशी झाड १८५० च्या दशकात वसाहतवाल्यांनी तोडलं. कॅम्पबेलने नंतर तिथे देशी झाडं जगवायचा प्रयत्न केला आणि वाऱ्याला आडोसा म्हणून पाइन लावले. देशी रोपं जगली नाहीत, पाइन राहिले, आणि शेवटी एकच उरला. १९९४ साली एका माओरी कार्यकर्त्याने जमिनीच्या हक्कांचा प्रश्न सरकारपुढे आणण्यासाठी त्याला करवत लावली. पुढे पुन्हा घाव बसले आणि धोकादायक झालेलं ते झाड २००० साली काढावं लागलं. सोळा वर्षं माथा रिकामा होता. २०१४ च्या कायद्याने ऑकलंडचे चौदा डोंगर तिथल्या माओरी जमातींच्या सामायिक मालकीत परत आले, माउंगाकिएकिए त्यांतला एक. त्यानंतर २०१६ साली माथ्यावर पोहुतुकावा आणि तोतारा या देशी झाडांची नऊ रोपं लावली गेली.

कॅम्पबेलला याची जाणीव अजिबात नव्हती असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. माओरी लोकांच्या स्मारकासाठी त्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले. माथ्यावरचा तो उंच दगडी स्तंभ १९४० साली पुरा झाला, पण युद्धात रक्त सांडत असताना अनावरण करायचं नाही हा माओरी रिवाज पाळून त्याचं अनावरण १९४८ साली झालं. कॅम्पबेल १९१२ साली गेला, त्याची समाधीही तिथेच आहे. तरीही मी हे स्पष्ट म्हणेन की स्मारक बांधणं वेगळं आणि निर्णयाला बसताना शेजारी जागा देणं वेगळं. दुसरी गोष्ट व्हायला आणखी शंभर वर्षं गेली, आणि त्या उशिराची किंमत शहराने मोजली.

साताऱ्यातल्या पंधरा एकरांना ही सगळी कथा लागू होणार नाही. तुमची जमीन खरेदीची आहे की वडिलोपार्जित, कुळकायद्यात काही झालं होतं का, हे मला ठाऊक नाही. पण जुने फेरफार काढून बघा. त्याहून महत्त्वाचं, माळावरून आज कोण जातं ते बघा. धनगरांच्या कळपांची वाट असेल, वरच्या देवाला जाणारी पायवाट असेल, चार घरं तिथून सरपण नेत असतील. तुम्ही ‘सर्वांसाठी बाग’ म्हणून कुंपण घातलंत, तर जी माणसं ती जमीन आधीपासून वापरत होती तीच पहिल्यांदा बाहेर पडतील. वाट वाट म्हणूनच नकाशावर दाखवा, आणि त्या वस्तीतलं एखादं माणूस विश्वस्तांमध्ये घ्या.

नगरपालिका की ट्रस्ट, यावर माझा कल ट्रस्टकडे आहे, मात्र एका अटीवर. ट्रस्टला जमिनीबरोबर उत्पन्न मिळालं पाहिजे. नुसती जमीन देऊन ट्रस्ट केलात तर तीन विश्वस्त दरवर्षी वर्गणी मागत फिरतील आणि दहा वर्षांत थकतील. तसं असेल तर नगरपालिकेला दिलेलं बरं, निदान माळी तिच्या आस्थापनेवर असेल. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था १९५० च्या कायद्याखाली नोंदवावी लागते, आणि विश्वस्तांना स्थावर मालमत्ता विकायची झाली तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. हे तुमच्या बाजूचं कलम आहे. तरी दस्तात उद्देश मोघम ठेवू नका. ‘लोकहितासाठी’ असं लिहिलंत तर पार्किंगही लोकहितात बसतं. काय चालेल याबरोबर काय कधीच चालणार नाही हेही लिहा. शेतजमीन ट्रस्टच्या नावे होऊ शकते का, कोणत्या परवानग्या लागतील, हे जमिनीचं काम करणाऱ्या वकिलाला विचारा, आणि अर्थातच भावंडांच्या सह्या आधी घ्या.

उत्पन्नाचा मार्ग तुमच्याकडे आधीच आहे, तो म्हणजे आमराई. दरवर्षीच्या फळाचा लिलाव करून ते पैसे फक्त देखभालीच्या खात्यात जातील असं बांधून ठेवा. कॅम्पबेलनेही हजारो ऑलिव्ह लावले होते, तेलाचा धंदा होईल या आशेने. तो धंदा काही झाला नाही, झाडं मात्र सावलीला राहिली. म्हणून एकाच पिकावर विसंबू नका, थोडी रक्कम मुदत ठेवीतही हवी.

झाडांबद्दल एवढंच, की एकाच वर्षी लावलेली झाडं एकाच सुमाराला म्हातारी होतात. कॉर्नवॉल पार्कापुढेही हा प्रश्न आहे, आणि २०१४ साली त्यांनी नेल्सन बर्ड वोल्ट्झ या लँडस्केप कंपनीकडून चक्क शंभर वर्षांचा आराखडा करून घेतला. तुमची आमराई कलमी आहे की रायवळ ते कळवा. रायवळ असेल तर ती अजून कितीतरी वर्षं उभी राहील, पण दर पाच वर्षांनी मोकळ्या जागेत काही नवी रोपं लावत राहायला हवीत.

सुरुवात म्हणून सगळी जमीन एकदम खुली करू नका. आमराईचा तुकडा आणि एक वाट, एवढंच एक वर्षभर उघडा. लोक कुठून येतात, कुठे बसतात, कचरा कुठे साठतो हे लिहून ठेवा. पुढच्या मे महिन्यात विहिरीला किती हात पाणी उरतं तेही मोजा. हे दोन कागद हातात आले की आराखड्याचं बोलू, तोवर कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.